खर्ज कुठे ठरतो

बेस गिटार उताणी ठेवली की ती मिरवते. जाड तारा, मोठ्या खुंट्या, पॉलिश केलेले लाकूड, सगळे समोर असते. तीच पालथी घातली तर पाठीवर चार-पाच स्क्रूंनी बसवलेले एक काळे झाकण दिसते, आणि ते उघडल्यावर आत लाकडात कोरलेली ओबडधोबड खोबण. त्या खोबणीत दोन-तीन पॉट, म्हणजे बटणांखालचे बदलते रेझिस्टर, त्यांच्या पायांवर सोल्डरचे चकचकीत थेंब, लाल-काळ्या-पांढऱ्या वायरींचा गुंता, बोटभर लांबीची एक सर्किटची पट्टी आणि कोपऱ्यात खुपसलेली 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. ऐकणाऱ्याने ही जागा कधी पाहिलेली नसते. बऱ्याच वाजवणाऱ्यांनीही बॅटरी बदलण्यापुरतीच पाहिलेली असते. तरीही मला वाटते की मालवणच्या किनारपट्टीवर एखाद्या मंडपात किंवा जत्रेच्या मैदानात जो खर्ज कानी पडतो, किंवा पडायला हवा असून पडत नाही, त्याचा निवाडा बहुतांशी या खोबणीत होतो. स्पीकरच्या भिंती नंतर येतात. तारेपासून हातभर अंतरावर जे सांभाळले गेले नाही, ते पन्नास फुटांवरचा मोठा स्पीकर परत आणून देऊ शकत नाही. म्हणून तारेचे हलणे विजेत बदलणाऱ्या पिकअपला खेटून, ती वीज सावरणारे एक लहानसे प्रीअँप बसवणे ही हौशी चैन नाही, या किनाऱ्यावर तर ती गरज आहे, असे माझे म्हणणे आहे. या म्हणण्यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. म्हणून ते एकेक करून पाहायला हवेत.

आधी एक जुनी गोष्ट. खर्ज उगमापाशीच घडवायचा असतो हे सिंधुदुर्गाला कोणी नव्याने सांगायला नको. कार्तिकात जत्रा सुरू होतात, देवळाच्या आवारात रात्रभर दशावतार रंगतो, आणि त्या खेळाचे सगळे संगीत पायपेटी, पखवाज आणि झांज या तीन वाद्यांवर उभे असते. नांदी सुरू व्हायच्या आधी पखवाजवाला भिजवलेल्या कणकेचा गोळा घेतो आणि डाव्या अंगाच्या कातड्यावर, म्हणजे धुमेवर, मधोमध थापतो. थोडा वाजवून पाहतो, थोडी कणीक काढतो, थोडी वाढवतो. कातड्याच्या मध्यावर वजन चढले की ते सावकाश हलते आणि स्वर खाली उतरतो, एवढेच त्यामागचे शास्त्र. उजव्या अंगावरच्या शाईचे शास्त्र त्याहून खोल आहे. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली दाखवले की भारतीय चर्मवाद्यांवर असे वजन नेमक्या जागी चढवल्यामुळे त्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर असे वागत नाहीत, म्हणून साधा ढोल दणकतो पण गात नाही. किनाऱ्याच्या खालच्या अंगाला, गोव्याकडे, घुमट वाजवणारा मडक्याच्या मागच्या तोंडावर हात कमी-जास्त झाकून आतली हवा आवरतो आणि खर्जाला वळण देतो. ही सगळी कामे वाद्यावर, वादकाच्या हाताने आणि वादकाच्या कानाने होतात. प्रेक्षकांत बसलेल्या कुणा तिसऱ्या माणसाकडे खर्ज सोपवलेला नसतो.

विजेच्या वाद्याने ही रीत मोडली. लिओ फेंडरने 1951 मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा त्याने माणसाएवढ्या उंच डबल बेसचे काम खांद्याला अडकवता येईल अशा एका फळीवर आणले. डबल बेसचे पोट पोकळ असते, त्यातली हवा खर्ज मोठा करते. फेंडरच्या फळीला पोट नाही. तिच्यात तारेखाली लोहचुंबक आहेत आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक, लाखेसारखे आवरण दिलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत वीज उमटते. ती किती? जोरात छेडले तरी साधारण काही दशांश व्होल्ट. शिवाय या विजेत दम नसतो. वेढ्यांचा स्वतःचा विरोध आठ-दहा किलोओहम, आणि हजारो वेढ्यांमुळे येणारे इंडक्टन्स काही हेन्री. म्हणजे जितका वरचा स्वर, तितकी त्याला बाहेर पडायला आतूनच आडकाठी. अशी अशक्त वीज वायरीतून लांब पाठवायची आणि तिने वाटेत काही गमावू नये अशी अपेक्षा करायची, हे मुळातच कठीण काम आहे. स्टुडिओत तीन मीटरची चांगली केबल आणि शेजारी खास बेससाठी बनवलेला अँप असेल तर ते निभते. आपल्याकडे वाद्य वाजते ते तिथे नव्हे.

आपल्याकडे ते वाजते भाड्याच्या साउंडवर. डेकोरेटरने मंडप घातलेला, साउंडवाल्याने स्टेजच्या एका अंगाला किंवा थेट प्रेक्षकांच्या मागे मिक्सर मांडलेला, आणि वादकाला मिळते ती एक लांबलचक केबल, जिचे दुसरे टोक मिक्सरच्या मोकळ्या भोकात खुपसलेले असते. मधे अशक्त आवाज सावरणारा बफर किंवा डीआय बॉक्स क्वचितच. केबल आणि मिक्सरचे भोक, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासून पाहण्यासारख्या आहेत. केबल म्हणजे आतली तार आणि भोवतीची जाळी यांनी बनलेला एक लांब कॅपॅसिटर. मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरड धरता येतात. चार हेन्रीचा पिकअप आणि सात मीटर केबल धरली तर दोघांच्या जोडीचा नैसर्गिक उठाव सुमारे 2800 हर्ट्झवर येतो. केबल पंधरा मीटर झाली की तोच उठाव 2000 हर्ट्झपर्यंत खाली घसरतो, आणि त्याच्या वरचे सगळे झपाट्याने ओसरते. म्हणजे तेच वाद्य, तोच हात, पण केबल बदलली की आवाजाचा चेहरा बदलला. मिक्सरचे भोक तर याहून निर्दय असते. तिथल्या लाइन इनपुटचा विरोध बहुधा दहा-वीस किलोओहमच्या आसपास. आठ किलोओहमचा पिकअप दहा किलोओहमच्या दाराशी उभा केला तर जवळपास अर्धा आवाज दारातच खर्च होतो आणि सुमारे 700 हर्ट्झच्या वरचे स्वर तर अधिकाधिक ओसरत जातात. माइकच्या भोकात खुपसले तर स्थिती याहून वाईट. मग साउंडवाला काय करतो? आवाज मंद आणि मळकट आला म्हणून तो मिक्सरवरचे खालचे बटण पूर्ण फिरवतो. जे आलेच नाही ते वाढत नाही. जे आले आहे ते फुगते.

इथे कुणी म्हणेल, बेस गिटारला 700 हर्ट्झच्या वरचे हवेच कशाला? तिची सर्वांत खालची मोकळी तार 41 हर्ट्झवर वाजते, त्या वरची 55 वर, मग 73 आणि 98. सगळा कारभार तळघरात चालतो, वरचा मजला गेला तर काय बिघडले? हा आक्षेप वरवर इतका रास्त दिसतो की साउंडवाले तो आक्षेप म्हणून मांडतही नाहीत, गृहीतच धरतात. पण कान असे ऐकत नाही. 41 हर्ट्झचा शुद्ध मूळ स्वर बहुतेक भाड्याच्या स्पीकरना पुरेसा वाजवताच येत नाही, उघड्या मैदानात तर तो भिंती नसल्यामुळे विरून जातो, आणि आपला कानही त्या टापूत फार मंद असतो. तरीही आपल्याला तो स्वर कळतो, कारण त्याचे उपस्वर 82, 123, 164 असे पटीपटीने वर चढत जातात आणि त्या पटींवरून मेंदू तळाचा स्वर स्वतः जुळवतो. मूळ स्वर वगळून नुसते उपस्वर ऐकवले तरी माणसाला तोच खालचा स्वर ऐकू येतो, हे ध्वनिशास्त्रात पक्के आहे. शिवाय बोट तारेवर पडले तो क्षण, ताल जिथे टेकतो तो काटा, तो तर वरच्या स्वरांतच असतो. म्हणून खर्ज वाचवायचा म्हणजे त्याच्या वरचे स्वर वाचवायचे. ते केबलने आणि मिक्सरने खाल्ले की खाली उरतो स्वर नसलेला नुसता धक्का. रामन यांच्या निरीक्षणाचे महत्त्व मला इथे वाटते: दणका आणि गाणे यांतला फरक उपस्वरांच्या शिस्तीत असतो.

प्रीअँपचे काम या जागी सुरू होते आणि ते फार नम्र काम आहे. ते आवाज मोठा करण्यासाठी नसते. निदान आधी त्यासाठी नसते. त्याच्या दाराचा विरोध एक मेगाओहम किंवा त्याहून अधिक, त्यामुळे पिकअपला बाहेर काही ओझेच जाणवत नाही. आणि त्याच्या मागच्या दाराचा विरोध थोडका, त्यामुळे बाहेर पडलेला आवाज पंधरा मीटर केबल ओढूनही थकत नाही. केबलची लांबी मग हिशेबातूनच जाते. हे सारे एक-दोन ऑप-अँपच्या चिपवर होते. 9 व्होल्टच्या बॅटरीचा मध्य साडेचार व्होल्टवर दोन रेझिस्टरांनी पकडायचा, आवाजाची लाट त्या मध्याच्या वर-खाली हलू द्यायची. त्यापुढे खालचे आणि वरचे स्वर वाढवण्या-घटवण्याची दोन बटणे, कधी मधल्या स्वरांसाठी तिसरे. वायरिंगमधली सगळ्यात सुरेख युक्ती मात्र जॅकमध्ये आहे. बेसमध्ये स्टीरिओ जॅक बसवतात, जरी आवाज एकच असतो. बॅटरीची ऋण वायर त्या जॅकच्या मधल्या पात्याला जोडलेली असते. साधी मोनो पिन आत गेली की तिची लांब दांडी मधले पाते आणि अर्थ यांना एकत्र टेकते आणि सर्किट जागे होते. पिन काढली की झोपते. वेगळा स्विच नाही, विसरायला जागा नाही, फक्त वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची एवढी शिस्त. इतक्या स्वस्तात इतके शहाणपण फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

जुन्या वळणाच्या वादकांचा आक्षेप मनापासून येतो. ते म्हणतात, पिकअप ते जॅक यांच्यामध्ये एक पॉट आणि एक कॅपॅसिटर, बस्स. 1951 पासून जगातले अर्धे संगीत या साधेपणावर उभे राहिले, मधे चिप घातली की आवाज काचेसारखा थंड होतो. यात तथ्य आहे. 250 किलोओहमचा पॉट आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर यांनी जो गोलवा येतो तो सुंदर आहे, आणि वाईट प्रीअँप चांगल्या पिकअपचे वाटोळे करू शकते हेही खरे. पण ज्याला ते वाद्याचा नैसर्गिक आवाज म्हणतात, त्यात केबलचा वाटा किती आणि अँपच्या दाराचा किती, हे वर पाहिलेच. स्टुडिओत ती दोन्ही ओळखीची असतात, म्हणून आवाज एकसारखा येतो. मंडपात दर वेळी ती परकी असतात. मग निसर्ग कुठला? 1960 च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात अलेम्बिक कंपनीच्या रॉन विकरशॅमने मोठ्या मैदानी कार्यक्रमांत वाजवणाऱ्यांच्या बेसमध्ये सर्किट बसवायला सुरुवात केली, तीही या अडचणीपोटी. 1976 मध्ये म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे बेस कारखान्यातूनच प्रीअँप घेऊन बाहेर पडला आणि त्यानंतर ही गोष्ट सामान्य झाली. जुना गोलवा ज्याला हवा त्याच्यासाठी उपाय वायरिंगमध्येच आहे. व्हॉल्यूमचा 250 किलोओहमचा पॉट प्रीअँपच्या आधी ठेवायचा आणि ओढून-दाबून चालणारा एक दुहेरी स्विच लावायचा. दाबला की पिकअप थेट जॅककडे, ओढला की प्रीअँपमार्गे. मी तर म्हणेन की असा बाहेरचा रस्ता नसलेले प्रीअँप या किनाऱ्यावर कुणी बसवूच नये. त्याचे कारण चवीचे नाही, बॅटरीचे आहे.

बॅटरी संपते. ऐन आरतीच्या वेळी, ऐन रंगात संपते, आणि मग ते वाद्य फांदीइतके मुके होते. हा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्याला व्यवहारानेच उत्तर द्यायला हवे. साधे प्रीअँप एखादा मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी घेते. 9 व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत सुमारे पाचशे मिलिअँपिअर-तास असतात. म्हणजे शेकडो तासांचे वादन. गणपतीपासून शिमग्यापर्यंतचा हंगाम एका बॅटरीत सहज निघावा. ती मरते तीही सांगून मरते: जोरात वाजवलेले स्वर आधी खरखरू लागतात, कारण लाटेला वर-खाली हलायला जागा उरत नाही. ज्याचे कान उघडे आहेत त्याला दोन-तीन कार्यक्रम आधीच कळते. आणि दुहेरी स्विच असेल तर बॅटरी गेली म्हणून वाद्य बंद पडत नाही, थोडे मळकट होते एवढेच. पखवाजाच्या कणकेकडे पुन्हा पाहा. तीही रात्र चढत जाते तशी वाळते, तिचे वजन उतरते, धूम वर चढू लागते. मग पखवाजवाला पाण्याचा हात लावतो, आणि खेळ संपल्यावर सगळी कणीक खरवडून काढतो. दर खेळाला ताजी. इतकी देखभाल लागते म्हणून कणीक लावूच नये असे दशावतारात कुणाला वाटल्याचे दिसत नाही.

खाऱ्या हवेचा आक्षेप मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो. देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे वाळूची चिंचोळी जमीन. तिथे लोखंडाची कडी दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडते. पावसाचे चार महिने हवेतली ओल लाकडात, कापडात, सगळ्यात शिरते. अशा ठिकाणी नाजूक सर्किट खोबणीत कोंडून ठेवणे शहाणपणाचे आहे का? माझे उत्तर असे की खारे वारे आधी कुठे चावतात ते नीट पाहावे. चिप काळ्या इपॉक्सीत बंद असते, तिच्यापर्यंत हवा जवळपास पोहोचतच नाही. चावतात ते पॉटच्या आतल्या कार्बनच्या पट्टीला, जॅकच्या पात्याला, स्विचच्या टोकांना आणि जिथे सोल्डर करताना आम्लाचा फ्लक्स वापरला असेल त्या प्रत्येक जोडाला. यातल्या बहुतेक गोष्टी साध्या वायरिंगमध्येही तितक्याच असतात. प्रीअँपमुळे वाढणारा खरा धोका एकच आहे: त्याच्या दाराचा विरोध इतका मोठा की दमट धुळीचा आणि मिठाचा पातळ थर पट्टीवर साचला तर वीज तिथून झिरपू शकते. म्हणून पट्टी सोल्डर झाल्यावर स्पिरिटने पुसून तिच्यावर वॉर्निशचा हलका हात द्यावा, फ्लक्स राळेचाच वापरावा, जॅक चांगल्या मुलाम्याचा घ्यावा आणि खोबणीच्या झाकणाखाली सिलिका जेलची पुडी ठेवून ती पावसाळ्यात बदलत राहावे. ट्रॉलरवरचे वायरलेस सेट आणि जीपीएस या समुद्रावर वर्षानुवर्षे चालतात. ते किनाऱ्यावरच्या दुकानांतच दुरुस्त होतात. ते हात आणि ती सोल्डरिंग आयर्न वाद्याच्या खोबणीसाठीही पुरेशी आहेत. कमी आहे ती वाद्य हे दुरुस्त करण्याजोगे यंत्र आहे या विश्वासाची.

गुणगुण ही वेगळी बाब आहे, आणि इथे प्रीअँपच्या बाजूने बोलताना हात आखडता घ्यायला हवा. आपली घरगुती वीज 50 हर्ट्झची. ही संख्या बेसच्या सर्वांत खालच्या दोन मोकळ्या तारांच्या मधे, 41 आणि 55 च्या दरम्यान पडते. दुसऱ्या वाद्यांना ही गुणगुण खालून त्रास देते, बेसच्या ती घरातच राहायला येते. रोषणाईच्या माळा, जनरेटर, स्वस्त चार्जर यांनी भरलेल्या मंडपात पिकअपचे वेढे ही गुणगुण अँटेनासारखी गोळा करतात, आणि प्रीअँप ती प्रामाणिकपणे पुढे पाठवते. खालचे बटण वाढवले तर वाढवून पाठवते. उपाय वेढ्यांतच करावा लागतो. फेंडरने 1957 मध्ये प्रिसिजन बेसचा पिकअप दोन उलट्या अर्ध्यांत तोडला, 1960 च्या जॅझ बेसमध्ये दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळले जाऊ लागले. तारेचा आवाज दोघांत जोडला जातो, गुणगुण वजा होते. खोबणीला तांब्याचा पत्रा किंवा वाहक रंग, सगळे अर्थ एकाच बिंदूवर, आणि तारांच्या ब्रिजपर्यंत गेलेली अर्थची वायर. काम या क्रमानेच व्हायला हवे, प्रीअँप शेवटी. त्या ब्रिजच्या वायरीबद्दल एक इशारा आवश्यक आहे. तिच्यामुळे वादकाचे शरीर अर्थला जोडले जाते, आणि मंडपाचे अर्थिंग खोटे असेल, माइकच्या जाळीत वीज उतरली असेल, तर ओठ माइकला आणि बोटे तारेला लागताच तोच मार्ग जीवघेणा ठरतो. 1972 मध्ये स्वॉन्सीच्या रंगमंचावर लेस हार्वी हा गिटारवादक असाच गेला. भाद्रपदातल्या ओल्या मातीवर, अनवाणी उभे राहून गाणाऱ्यांसाठी मंडपाच्या मीटरजवळ गळतीवर तुटणारा ब्रेकर असणे हे कुठल्याही पिकअपच्या निवडीपेक्षा महत्त्वाचे आहे.

उरतो तो आक्षेप, जो संगीताचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. डीजेच्या खर्जाने कौले थरथरतात, म्हातारी माणसे छाती धरून बसतात, आणि इथे बेस वाढवण्याच्या गोष्टी? मला ही तक्रार शंभर टक्के मान्य आहे, आणि ती माझ्या म्हणण्याच्या विरोधात नसून बाजूने आहे असेही वाटते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती मोजायची असते माणसाच्या कानाला अनुसरून वजन दिलेल्या मापाने, आणि ते माप 50 हर्ट्झच्या आवाजाला सुमारे 30 डेसिबलची सूट देते. कानासाठी हे हलक्या आवाजात ठीक आहे. भिंती, खिडक्या आणि फुप्फुसे मात्र अशी सूट देत नाहीत. म्हणून स्वर नसलेला धक्का मापकावर कमी दिसतो आणि घराघरांत जास्त घुसतो. हा धक्का कुठून येतो ते आपण पाहिले: ज्याचे वरचे स्वर वाटेत हरवले अशा खर्जाला स्पीकरच्या टोकाला फुगवण्यातून. उपस्वर शाबूत असलेला खर्ज कमी जोरात पुरतो, कारण कान त्याला ओळखतो. वादकाच्या हाताशी खालच्या स्वरांचे बटण असेल तर तो ते घटवूही शकतो, आणि मैदान पाहून घटवतोही. त्या बटणाचा उपयोग कमी करण्यासाठी अधिक होतो, असे चांगल्या बेसवादकांकडे पाहून म्हणता येते. वाढवण्यात आणखी एक अडचण आहे: 12 डेसिबल वाढवणे म्हणजे व्होल्टेज चौपट करणे, आणि 9 व्होल्टच्या घरात जोरात वाजवलेल्या स्वरांसाठी जागा मर्यादितच असते.

बेस गिटार इथे अजून थोड्या हातांत आहे. पण हाच प्रश्न कितीतरी मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या एका वाद्यापुढे उभा आहे. बेंजो पार्टीतला बेंजो, टाइपरायटरसारख्या कळांचा, मूळचा जपानचा. नागोयात गोरो मोरिताने 1912 मध्ये केलेला तैशोगोतो भारतात येऊन बुलबुलतरंग झाला आणि कोकणातल्या व मुंबईतल्या मिरवणुकांत पोहोचल्यावर त्याला पिकअप लागला. 2016 मध्ये रवी जाधव यांनी त्याच्या नावाने चित्रपटही काढला. त्या पिकअपचा आवाज तितकाच अशक्त, केबल तितकीच लांब, आणि वाजवणारा चालत असतो, पुढे टेंपोवर स्पीकर आणि जनरेटर, मागे नाचणारी माणसे. प्रीअँपची गरज त्याला बेसइतकीच आहे, कदाचित जास्त. पण बेंजोला पाठीत कोरलेली खोबण नाही. त्याची पेटी उथळ, तिचा तळ पातळ, कळांच्या पट्ट्या आणि तारांच्या मधे बोट शिरेल इतकीच जागा. बॅटरी तिथे ठेवावी तर कळांना लागून तिची खडखड पिकअपमध्ये येते, कमरेच्या पट्ट्याला डबी लावावी तर पिकअप आणि प्रीअँप यांच्यात पुन्हा हातभर केबल आलीच. खालून एक लाकडी कप्पा जोडावा तर पेटीचे वजन वाढते आणि गळ्यात अडकवून चार-पाच तास चालणाऱ्याला ते वजन जाणवते. सर्किट तेच राहील, पॉटही तेच. जागेचा प्रश्न सुतारकामाचा आहे, आणि सावंतवाडीला लाकूड पातळ कोरून त्यातून हलकी वस्तू काढणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.